वर जाणारा चेंडूही पडतच असतो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू काहीतरी शिकव." आता जेवणानंतरचा तास कसा जातो हे इथे पुढच्या रांगेत बसलेल्या सरांना आणि बाईंना चांगलं माहीत आहे. मीही कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे पेंगणारे चेहरे मला नवे नाहीत. आज मात्र वीस मिनिटं सांभाळून घ्या. विषय एकच आहे आणि तो आपण सगळे याच शाळेत शिकलो आहोत. वर फेकलेली वस्तू.

शिकलो आहोत म्हणजे काय, तर गणितं सोडवली आहेत. 'व्ही बरोबर यू अधिक एटी' हे आपल्यापैकी अनेकजण झोपेतून उठवलं तरी म्हणतील. म्हणून मी गणित विचारत नाही. एक साधा प्रश्न विचारते आणि हात वर करायला सांगते. डॉक्टर, वकील, बँकवाले, शेतकरी, कोणालाही सूट नाही.

मी एक रुपयाचं नाणं सरळ वर उडवलं. नाणं हातातून सुटलं आहे आणि अर्ध्या वाटेवर वर चाललं आहे. हवेचा विरोध क्षणभर सोडून द्या. या क्षणी नाण्यावर कोणत्या दिशेने बल आहे? वरच्या दिशेने म्हणणारे? बरेच हात आहेत. आता नाणं अगदी माथ्यावर पोचलं, क्षणभर थांबलं. तिथे बल शून्य म्हणणारे? आणखी हात. आणि खाली येताना खालच्या दिशेने? इथे तर सगळेच.

उत्तर सांगते. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना, तिन्ही वेळी नाण्यावर एकच बल आहे. तेवढंच आणि खालच्याच दिशेने. पृथ्वीचं. हाताचा संबंध नाणं बोटांवरून सुटलं तिथेच संपला.

ज्यांचे हात 'चुकीच्या' वेळी वर गेले त्यांनी ओशाळायचं कारण नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉन क्लेमंट या अभ्यासकाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच नाण्याचा प्रश्न दिला होता. नाणं वर जात असताना त्यावरच्या बलाचे बाण काढा, असं सांगितलं. बहुतेकांनी एक मोठा बाण वरच्या दिशेने काढला. 'हाताचं बल'. यांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांतही असे बाण काढणारेच जास्त निघाले. सूत्रं त्यांना येत होती, परीक्षेत गुणही मिळत होते. पण मनातलं नाणं वेगळ्याच नियमाने उडत होतं.

या समजुतीचा इतिहासही मोठा आहे. दगड हातातून सुटल्यावर पुढे जात कसा राहतो, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलला पडला होता. त्याने उत्तर दिलं की आजूबाजूची हवाच त्याला ढकलत नेते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसला हे पटलं नाही. तो म्हणाला, फेकणारा दगडातच काहीतरी जोर भरून देतो. चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या बुरिदानने हाच विचार पुढे नेला. म्हणजे आपल्या दहावीतल्या मुलाने वरच्या दिशेचा बाण काढला, तर तो युरोपातल्या त्या काळच्या मोठ्या पंडिताच्या पंगतीला बसला आहे असं समजा. त्याला 'मठ्ठ' म्हणून खाली बसवू नका.

आता बल खालच्या दिशेने आहे, तर नाणं वर कसं जातं? इथेच सगळी मेख आहे. बल वस्तूचा वेग ठरवत नाही, वेगातला बदल ठरवतं. आकड्यांनी पाहू. तुम्ही चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला. म्हणजे ताशी साधारण सत्तर किलोमीटर. महामार्गावर एसटी धावते तेवढा वेग. पृथ्वी दर सेकंदाला या वेगातून ९.८ मीटर काढून घेते. एका सेकंदाने वेग उरला ९.८. दोन सेकंदांनी शून्य. तीन सेकंदांनी उणे ९.८, म्हणजे तेवढाच, पण खालच्या दिशेने. चार सेकंदांनी उणे १९.६, आणि चेंडू हातात परत. दर सेकंदाची वजावट अगदी सारखी. चेंडू वर चाललाय की खाली, याची पृथ्वी चौकशीच करत नाही.

बँकेत नोकरी केलेल्या मित्रांसाठी हेच दुसऱ्या भाषेत सांगते. खात्यात १९६० रुपये आहेत आणि दरमहा ९८० रुपयांचा हप्ता कापला जातो. दोन महिन्यांनी शिल्लक शून्य. म्हणून हप्ता थांबतो का? खातं उण्यात जाऊ द्यायची सोय असेल, तर तिसऱ्या महिन्यात ९८० रुपये आपण बँकेला देणं लागतो. शिल्लक म्हणजे वेग, हप्ता म्हणजे त्वरण. माथ्यावर शिल्लक शून्य झाली आहे. हप्ता चालूच आहे.

आणि समजा, माथ्यावर खरंच बल शून्य झालं असतं, तर काय झालं असतं? वेग शून्य, आणि तो बदलणारं कोणी नाही. मग चेंडू तिथेच राहिला असता. आपल्या मैदानावरच्या आकाशात आपण शाळेत असताना उडवलेले सगळे चेंडू आणि विट्या आजही लटकलेल्या दिसल्या असत्या.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक वाक्य लिहून ठेवायला सांगत असे: वस्तू हातातून सुटली त्या क्षणापासून ती पडत असते. वर जातानासुद्धा. वर जाणं म्हणजे वरच्या दिशेच्या वेगाची शिदोरी घेऊन पडायला सुरुवात करणं. शिदोरी संपेपर्यंत उंची वाढते, एवढंच. भौतिकशास्त्रात याला मुक्त पतन म्हणतात आणि चेंडूचा वर जाण्याचा प्रवासही त्यातच मोडतो.

हे एकदा पटलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे अंतराळवीर तरंगताना दिसतात, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही असं पुष्कळजण समजतात. प्रत्यक्षात तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. ते तरंगतात कारण स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत आहेत. आडवा वेग इतका आहे की पडता पडता पृथ्वीची गोलाई चुकत जाते. आपल्या नाण्यावर एखादी मुंगी बसली असती, तर हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात येईपर्यंत, हवेचा विरोध सोडला तर, तिलाही तसंच वजनरहित वाटलं असतं.

आता जरा आपल्या खेळांकडे वळू. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सागरगोटे खेळणाऱ्या मैत्रिणी इथे आहेत. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे गोळा करायचे आणि वरचा झेलायचा. वेळ किती मिळतो? हातापासून ४४ सेंटिमीटर उंच उडवला तर जाऊन येऊन ०.६ सेकंद. मग कोणी म्हणेल, दुप्पट वेळ हवा तर दुप्पट उंच उडवू. तसं होत नाही. दुप्पट वेळ हवा असेल तर चौपट उंच उडवावा लागतो, म्हणजे १.७६ मीटर. तेवढा उडवला की गोटा सरळ येत नाही, कुठेतरी बाजूला पडतो आणि डाव जातो. म्हणून पट्टीच्या खेळाडू मुली उंच उडवायच्या नादी लागत नसत, हात चपळ करत. उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हा नियम त्यांच्या बोटांना सूत्र न शिकताच कळलेला होता.

दुसरी गंमत. मघाचा चेंडू १९.६ मीटर उंच जातो, साधारण सहा मजली इमारतीएवढा. पहिल्या सेकंदात तो १४.७ मीटर चढतो आणि दुसऱ्या सेकंदात फक्त ४.९ मीटर. उतरताना हेच उलट. म्हणजे चार सेकंदांपैकी दोन सेकंद तो वरच्या ४.९ मीटरमध्येच असतो. निम्मा वेळ वरच्या पाव उंचीत! व्हॉलीबॉलमध्ये उडी मारलेला खेळाडू जाळीजवळ हवेत 'लटकला' असं आपल्याला वाटतं, त्यामागे एवढंच गणित आहे. तो थांबलेला नसतो. संथ झालेला असतो.

जड वस्तूचं काय? सारख्याच वेगाने वर फेकलेला क्रिकेटचा चेंडू आणि लोखंडाचा गोळा, हवा नसेल तर, सारखेच उंच जातील आणि एकाच वेळी परत येतील. गोळ्यावर बल जास्त, पण त्याला हलवायला लागणारा जोरही त्याच प्रमाणात जास्त. चालू करायला जड, थांबवायलाही जड. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे घरंगळत सोडून आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून पतनाचा नियम शोधला आणि १६३८ साली छापलेल्या ग्रंथात सविस्तर मांडला. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही एकदमच खाली पडले. त्याच चंद्रावर आपला चेंडू त्याच वेगाने फेकला तर सुमारे ११८ मीटर उंच जाईल आणि परत यायला २४ सेकंद लागतील, कारण तिथला हप्ता साधारण सहावा हिस्साच आहे.

गुरुत्वाकर्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे भास्कराचार्यांचं नाव निघतं. तेही नीट सांगते. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, त्यामुळे आकाशातली जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते आणि आपल्याला ती पडल्यासारखी वाटते, असा विचार मांडला आहे. पृथ्वीच्या चारही बाजूंना सारखंच आकाश असताना ती स्वतः पडणार तरी कुठे, असाही त्यांचा सवाल आहे. बाराव्या शतकातला हा विचार अभिमान वाटावा असाच आहे. पण किती ओढते, अंतराने ओढ किती कमी होते, हे मोजमाप त्यात नाही. ते न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात येतं. दोघांचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. शाळेसाठी काही करावं म्हणून आपण आज जमलो आहोत, तेव्हा हे उदाहरण आठवलं.

आतापर्यंत हवा बाजूला ठेवली होती. ती आता परत आणू. हवा वर जाणाऱ्या चेंडूला अडवते आणि खाली येणाऱ्यालाही अडवते. त्यामुळे खरा चेंडू कमी उंच जातो, जितक्या वेगाने गेला त्यापेक्षा कमी वेगाने परतताे आणि चढण्यापेक्षा उतरायला त्याला जास्त वेळ लागतो. हलक्या चेंडूच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसतो. बॅडमिंटनच्या फुलाच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

ही हवा एका गंभीर ठिकाणीही आडवी येते. लग्नाच्या वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत हवेत गोळीबार करण्याची प्रथा देशाच्या काही भागांत आहे. 'वर मारली, वर गेली' असं मारणाऱ्याला वाटतं. सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटलेली गोळी, हवा नसती तर, ३२ किलोमीटरहून उंच गेली असती आणि तेवढ्याच वेगाने परत आली असती. हवेमुळे ती दोन-तीन किलोमीटरवरच थांबते आणि बऱ्याच कमी वेगाने येते. पण येते. आणि तिरपी झाडलेली असेल तर अधिकच वेगाने येते. अशा गोळ्यांनी गच्चीवर, अंगणात उभी असलेली माणसं दगावली आहेत. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा गोळीबार शिक्षापात्र ठरला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली वस्तू परत येते, हे वाक्य पाठ असणं आणि ते आतून पटलेलं असणं, यातलं अंतर किती महाग पडू शकतं ते इथे दिसतं.

परत न येण्याइतका वेग अर्थात आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून, हवेचा विचार न करता, सेकंदाला ११.२ किलोमीटर. हाच मुक्तिवेग. आपल्या नातवंडांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्यात तो आहे. मुक्तिवेगाने निघालेल्या वस्तूवरही पृथ्वीची ओढ कधी पूर्ण संपत नाही. ती अंतराने कमी कमी होत जाते आणि वस्तूचा वेग शून्यावर आणायला पुरत नाही.

आता मी खरं ज्यासाठी उभी राहिले, ते सांगते. आपल्या तुकडीने शाळेला निधी द्यायचं ठरवलं आहे. सकाळच्या चर्चेत डिजिटल फळ्याचा विषय निघाला. माझा त्याला विरोध नाही. पण तीस वर्षं मी एक गोष्ट पाहिली आहे. फळ्यावर बरोबर बाण काढून दाखवला की मुलं मान डोलावतात, वहीत उतरवतात आणि मनातलं नाणं पूर्वीसारखंच उडत राहतं. पडद्यावर रंगीत बाण हलला तरी तेच होतं. समजूत बदलते ती मुलाने आधी स्वतःचा अंदाज सांगितला, मग मोजलं आणि अंदाज मोडला, तर.

मोजायला फार काही लागत नाही. भिंतीवर मोजपट्टी लावायची. तिच्यापुढे चेंडू साधारण सव्वा मीटर वर उडवायचा. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या साध्या मोबाइलवर चित्रण करायचं, मोबाइल हलू नये म्हणून तो स्टुलावर पक्का ठेवायचा. मग दर तिसऱ्या चित्रात चेंडू कुठे आहे ते वहीत मांडायचं. म्हणजे दर दशांश सेकंदाची जागा मिळाली. अंतरं साधारण अशी येतील: ४४, ३४, २४.५, १५, ५ सेंटिमीटर वर, मग ५, १५, २४.५ खाली. मिलिमीटर जुळणार नाहीत, हात थोडा हलेल. पण दर पायरीला फरक दहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. आता मुलाला विचारा, माथा कुठे आहे? वर ५ आणि लगेच खाली ५, म्हणजे फरक पुन्हा दहाच. माथ्यावर विशेष काहीच घडलं नाही, हे त्याच्याच वहीतले आकडे त्याला सांगतात. त्या वेळी त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. गॅलिलिओला त्यासाठी फळी घासून गुळगुळीत करावी लागली होती. आपल्या मुलांच्या घरी मोबाइल आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या दोनच. निधीतला काही भाग दरवर्षी प्रयोगशाळेच्या किरकोळ खर्चासाठी राखून ठेवावा: मोजपट्ट्या, चेंडू, स्टँड, घड्याळं, आणि आपल्या घरी खणात पडून असलेले चालू स्थितीतले जुने मोबाइल. आणि आपल्यापैकी जे गावात किंवा जवळपास राहतात त्यांनी वर्षातून एक तास शाळेत यावं. शिकवायला नको, शिक्षक ते करतीलच. मुलांबरोबर मोजायला बसावं. मी स्वतः दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येणार आहे, मुख्याध्यापकांशी तसं बोलणं झालं आहे. नावं नोंदवायची वही मी बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे.

पुढच्या रांगेतल्या गुरुजनांना एवढंच सांगते. आपण आमच्याकडून सूत्रं पाठ करून घेतलीत, म्हणून पुढे त्यांचा अर्थ शोधायला माझ्या हातात काहीतरी होतं. रिकाम्या हाताने तो शोधता आला नसता. ते ऋण आहेच.

आज घरी गेल्यावर नातवाला किंवा नातीला हा नाण्याचा प्रश्न विचारा. उत्तर लगेच सांगू नका, आधी वाद घालू द्या. चहा तयार आहे असं खुणावताहेत.